आधीच टाइप केलेली ओळ

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की बाभुळगावात तुमचा टायपिंग क्लास कुठे होता असं विचारलं तर नवी पोरं माझ्याच तोंडाकडे बघतात. हे तुम्हाला लिहितेय, कारण सांगावं असं दुसरं कोणी उरलेलं नाही. रिटायर झाल्यापासून यवतमाळच्या या दोन खोल्यांत दिवसभरात माझ्याशी बोलतो तो भाजीवाला, आणि त्याला कोर्टातल्या गोष्टी काय सांगायच्या.

तुम्ही मला एकदाच रागावलात. परीक्षेचा उतारा मी इतक्यांदा मारला होता की कागदाकडे न बघता बोटं चालायची. त्या दिवशी तुम्ही मुद्दाम उताऱ्यातली एक ओळ बदलून ठेवली आणि मी आपली जुनीच ठोकून मोकळी झाले. सगळ्या मुलींसमोर तुम्ही माझा कागद फाडलात. "पाठ केलेलं काहून टाइप करून राह्यली वं? समोर काय लिहिलं हाय ते पाह्य ना!" मी आठ दिवस फुगून बसले. पुढे मला कोर्टात नोकरी लागली, तेव्हा तुम्ही पेढा नाकारलात, शुगर आहे म्हणालात, आणि टाइपरायटरची अक्षरं साफ करायचा तुमचा ब्रश माझ्या हातावर ठेवलात. कोर्टात तोवर कॉम्प्युटर आले होते, हे सांगायचा धीर मला झाला नाही.

कॉम्प्युटरवर सगळं आणखीच सोपं. पोलीस आरोपीला कोठडीसाठी आणतात, तेव्हा न्यायाधीश त्याला विचारतात, पोलिसांनी मारहाण केली का, काही तक्रार आहे का. उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच यायचं. म्हणून मी ती ओळ सकाळीच टाइप करून ठेवायचे: 'आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही.' नाव तेवढं भरायचं. मॅडमचे कागद तयार असतात, असं साहेब कौतुकाने म्हणायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मागच्या मंगळवारी दुपारी एक माणूस काठी टेकत दारात आला. झरीकडच्या कोलाम आदिवासींच्या एका पोडावरचा, वस्तीवरचा. मी नोकरीत असताना चोरीच्या संशयावरून त्याला आमच्या कोर्टात आणलं होतं. पुढे तो निर्दोष सुटला. मारहाणीची तक्रार त्याने वरपर्यंत केली, ती माझ्या त्या एका ओळीवर बंद झाली. आता त्याने त्या पोलिसांवर भरपाईचा दावा लावलाय, आणि त्यांचा वकील तोच कागद पुढे करतोय. हा तेव्हा कोर्टात काही बोललाच नाही, म्हणतोय. त्या वेळचे साहेब आता हयात नाहीत. बाकी खोलीत होते ते पोलीस, आणि मी.

"बाई, तुमी तिथंच बसल्या होत्या," तो म्हणाला. "मी साहेबाले सांगतलं होतं ना? येऊन येवढंच सांगा."

मी चहा ठेवला. साखर शोधण्यात बराच वेळ घालवला. डबा समोरच होता. मग म्हणाले, "भाऊ, लय वर्षं झाली. मले काही आठवत नाही."

"हव," तो म्हणाला. चहा प्यायला, कप स्वतः मोरीत नेऊन ठेवला आणि गेला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी त्याची तारीख आहे. मी मनाला समजावतेय की या वयात चौकशी मागे लागेल, पेन्शन अडकेल, आणि तशीच ओळ असलेल्या बाकीच्या कागदांचं काय. मला थांबवून कोणी रागावणारंही आता नाही, सर. फार एकटं वाटतं. हे पत्र टाकायचं तरी कुठे? घडी घालून कपाटात ठेवीन.

पण तुमच्याशी खोटं नको. मला सगळं आठवतं. "तळपायाले मारलं साहेब, उभं राहवत नाही," असं तो म्हणाला होता. साहेब दुसरी फाइल बघत होते. मी मान वर करून त्याच्या पायांकडे पाहिलं, आणि प्रिंट काढली.