एकवीस दगडांवरचा चुना

बा, परवा गावी जाऊन आले. एसटी आता थेट आपल्या माळाखाली थांबते. त्या रस्त्यावर पाय ठेवताना मला अजून कसंतरी होतं, कारण आपले दगड त्याच्याच पोटात आहेत.

आपल्या नागलीच्या शेतात मधोमध ते एकवीस दगडांचं रिंगण. कोणी उभं केलं, कुणालाच ठाऊक नव्हतं. "आपली जुनी माणसं निजलीत," एवढंच तू सांगायचास आणि नांगर बाजूने वळवून न्यायचास. दर अवसेला प्रत्येक दगडापुढे नागलीच्या पिठाची चिमूट. मी नाशिक रोडला मास्तरीण झाले, तिथे एका जाणकाराने सांगितलं, नकाशा काढून पाठव, सरकारदरबारी नोंद होईल, जागा वाचेल. म्हणून त्या उन्हाळ्यात मी दगडांवर चुन्याने आकडे घातले. मोतीबिंदूने तुला धड दिसत नव्हतं; हाताला ओला चुना लागला तेव्हा कळलं. "निजल्या माणसाला आकडा घालतीस? जंगलात आकडा पडलेलं झाड पुढल्या साली उभं दिसत नाय, पोरी. पूस आधी." नकाशा अर्धाच झाला होता, म्हणून मी आकडे तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी तुला डोळ्याच्या ऑपरेशनला नाशिकला नेताना एसटीत तू विचारलंस, "पुसलंस ना?" मी हो म्हणाले.

दीड महिना तू माझ्या खोलीवर, डोळ्यावर हिरवी पट्टी. दोन अवसा तिथेच गेल्या. "घरी सोड मला," म्हणायचास, मीच हट्टाने ठेवून घेतलं. मग आपण परत येतो. तू बांधावर उभा राहतोस, नवा चष्मा काढून सदऱ्याला पुसतोस, पुन्हा घालतोस. "अजून नीट दिसत नाय मला," म्हणतोस. समोर नुसते खड्डे. रस्त्याच्या मुकादमाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आकडे व्हते ना, बाई. वाटलं, सायबानं निवडून ठेवलेत. फोडून खडी केली." तू मात्र खड्ड्यापाशी बसून म्हणालास, "दोन अवसा चुकल्या माझ्या. रागावून उठून गेली जुनी माणसं."

मुकादमाचं बोलणं मी तुला कधीच सांगितलं नाही. पुढे मरेपर्यंत तू त्या रिकाम्या जागेभोवती नांगर वळवलास, दर अवसेला पीठ ठेवून हात जोडलेस. माफी तू मागायचास आणि मी सुट्टीत आले की मागे पिठाचा डबा धरून उभी. फार लाज वाटते, बा.

हे पत्र त्या अर्ध्या नकाशाच्या घडीत ठेवतेय. तोही मी कधी पाठवला नाही. परवा सगळं कबूल करायचं ठरवूनच गेले होते. भावाची पोर बरोबर होती. तिने विचारलं, "आत्या, इथले दगड कुठं गेले?"

मी म्हणाले, "तुझ्या आजाच्या अवसा चुकल्या होत्या."