पेडणेकरांना आवडलेली रेकॉर्ड

हूरा, शुक्रवार, ऑगस्ट १९८१

रजेवरून परतलो. शेजारच्या पेडणेकरांना चावी देऊन बजावलं होतं, रेकॉर्डसाठी एसी चालू ठेवा. रिकाम्या घराला एसी कशाला, म्हणून त्यांनी तो बंद केला. आखातातल्या या उन्हाळ्यात! इतकी वर्षं जमवलेल्या माझ्या जॅझच्या रेकॉर्ड पापडासारख्या वाकल्या आहेत.

त्यातली बरी दिसणारी एक त्यांच्यासमोरच लावली. ट्रम्पेटचा सूर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. आता यांना चांगलं सुनावायचं, इथल्या मराठी मंडळात तासतासभर बोलणारा मी. तेवढ्यात तेच म्हणाले, "अहो वक्ते, हे आधी का नाही ऐकवलंत? तुमच्या जॅझवरच्या भाषणांनी नुसती झोप यायची. हा माणूस तर रडतोय हो."

त्यांचे डोळे खरंच भरले होते. तो रडत नाही, रेकॉर्ड वाकलीय, एवढंच सांगायचं होतं. शब्द फुटेना. मला?

"नेऊ का घरी? आमच्या हिलाही ऐकवतो."

"न्या," म्हणालो.

भिंतीपलीकडे आता ती पुन्हा लागलीय. तोच घसरणारा सूर. आणि मी पंखा बंद करून ऐकतोय.