डोक्यावर हात

सौंसर, शनिवार, फेब्रुवारी १९८४

उद्या जर्मनीचे लुथरन चर्चवाले येऊन राहिले. त्यांच्याच मदतीनं आमचं मुलींचं होस्टेल चालते. त्यांच्यातल्या एक बाई प्रत्येक मुलीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. आणि आज होस्टेलातल्या कुसुमचे बाबा रामाकोना गावाहून येऊन बजावून गेले, "शिकवा बाई, पण डोक्यावर हात नाही पाहिजे. आम्ही बौद्ध आहो. हात ठेवला तर पोरीला घरी नेतो."

नेलं तर शाळा संपलीच तिची. पण पाहुण्यांना प्रार्थना करू नका, असं कोणत्या तोंडानं सांगू? कुसुमला उद्या लपवू?

संध्याकाळी तिनंच विचारलं, "ताई, डोक्यावर हात ठेवला तर काय होते?"

मी ख्रिस्ती, अन् दोन्ही हातांनी तिच्या डोक्याला तेल लावून राहिली होती.