जिवंत माणसाच्या फोटोला हार

आई, तू आणि मी बघायचो ती मालिका आता सगळे बघतात. माझ्या लोअर परळच्या ऑफिसातली पोरं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर तिचे तुकडे लावतात, संवाद तोंडपाठ म्हणतात. तेव्हा मात्र आपल्या चाळीत तिला कुत्रं विचारत नव्हतं. मागून हसण्याचे आवाज नाहीत, कुणी धडपडत नाही, नुसती एक उतरतीला लागलेली नटी, जिनं पुन्हा नाव व्हावं म्हणून रिॲलिटी शोचे कॅमेरे घरात घेतलेत. शेजारच्या काकूंना तर ते खरंच वाटायचं. "बिचारीला सांगणारं कोणी नाही का गं घरात?" म्हणून त्या डोळे पुसायच्या आणि तू भाकरी थापता थापता पोट धरून हसायचीस. खानावळीची माणसं ताटावर खोळंबलेली असायची. भाजीवालीशी भांडतानाही ती नटी चेहऱ्याची डावी बाजू कॅमेऱ्याकडे ठेवते, आणि मग भाजीवालीही हळूच पदर सारखा करून कॅमेऱ्यासमोर सरकते. इतकं बारीक काम मी नंतर कुठल्याच विनोदी मालिकेत पाहिलं नाही. लिहिणाऱ्यानं त्या बाईची टर उडवली, पण तिच्यावरची माया काही सोडली नाही.

एका भागात तिच्या भावाच्या अपघाताचा फोन येतो. ती मटकन खाली बसते. मग उठते, कॅमेरावाल्याला म्हणते, "जरा थांब हं," केस नीट करते आणि मग रडते. मी खो खो हसले. तू हसली नाहीस. हातातला गोळा परातीत तसाच ठेवून म्हणालीस, "माका भ्या वाटता गो. तिका सगळा कळता, आणि तरी करता." मला तुझा रागच आला. विनोदी मालिकेला कसलं भ्यायचं?

आता मी भ्यायले आहे, म्हणून तुला लिहिते आहे. तू गेलीस तेव्हा रांगणारी तुझी नात आता कॉलेजात जाते, आणि नाचाच्या एका रिॲलिटी शोमध्ये तिची निवड झाली. परवा तिची घरची गोष्ट चित्रित करायला माणसं आली. आल्या आल्या त्यांनी फ्रिजवर चादर टाकली. त्यांच्यातली कोऑर्डिनेटर मुलगी गोड, सारखी "काकी, काकी" करणारी. आपल्या भिंतीवर दोन फोटो आहेत, एक तुझा आणि शेजारी तुझ्या जावयांचा, कॅरमच्या स्पर्धेत ढाल मिळाली तेव्हाचा. त्यांच्या सजावटवाल्यानं पिशवीतून चंदनाचे हार काढले, एक तुला घातला आणि एक त्यांनाही. दोन फोटो शेजारी शेजारी, म्हणजे दोघंही गेलेली, असं वाटलं त्याला. नेमके तेव्हाच जावई चहाचा ट्रे घेऊन समोर उभे. सजावटवाल्यानं जीभ चावली. हेच हसून म्हणाले, "बरं झालं, आयुष्य वाढलं माझं." मग सगळे हसले, मीही हसले. हार काढायला मी स्टुलावर चढले, तर पोरगी म्हणाली, "आई, राहू दे ना. एकच टेक. मग काढू."

आवाज अगदी मऊ होता तिचा. बापाकडे तिनं बघितलं नाही. कोऑर्डिनेटर म्हणाली, "काकी, आपण दोन्ही घेऊन ठेवू या. आम्ही खोटं काहीच बोलणार नाही, नुसता फोटो दिसेल." जावई ट्रे ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले, कॅमेऱ्याच्या चौकटीत येऊ नये म्हणून भिंतीला चिकटून. एक टेक हारासकट झाला, एक हाराशिवाय. दोन्हीत मला फोटोंखाली बसून एवढंच म्हणायचं होतं की हिच्यासाठी आम्ही फार सोसलं.

ती माणसं गेल्यावर पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. "स्टोरी नसली की लगेच शोमधून काढतात गं आई. तूच सांग त्यांना कुठला ठेवायचा. तू म्हणशील तो." तिच्या बापाला विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही मायलेकी ठरवा," आणि आज डबा न घेताच माटुंग्याला दुकानावर गेले. आई, ती वाईट मुलगी नाही. तिला सगळं कळतं, आणि त्याचीच मला भीती वाटते. ते दाखवलं तर हा माणूस उद्या दूध आणायला खाली उतरेल तेव्हा लोक त्याच्याकडे कसं बघतील, आणि ती त्याच्याकडे कसं बघेल?

आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं आहे. हाराशिवायचा ठेवा, एवढं म्हटलं की झालं. पोरगी रुसेल, कदाचित शोमधून बाहेरही पडेल, पण तिचा बाप जिवंत राहील. कुणीही सांगेल की यात विचार करण्यासारखं काही नाही. हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणून तुला खरं सांगते. कोऑर्डिनेटरनं दोन्ही टेक माझ्या मोबाइलवर पाठवलेत. हाराशिवायचा मी एकदा बघितला आणि सोडून दिला. हाराचा सकाळपासून पुन्हा पुन्हा लावून बघते आहे. त्यात मी फार छान रडले आहे.