दिवस पहाटे संपतो

२ नोव्हेंबर, वडसा

प्रवीणच्या ॲपचं उद्घाटन. 'प्रवीणच्या' लिहिताना पेन अडलं. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांच्या तारखा सांभाळणारं ॲप. माझ्या तीन हिवाळ्यांच्या सुट्ट्या त्यात आहेत. पडद्यावर माझीच बटणं, मीच निवडलेला हिरवा रंग. खाली: संकल्पना व निर्मिती, प्रवीण.

शेजारी कुंदामावशी. आईची धाकटी बहीण. जन्म गेला तिचा स्टेजवर आईच्या भूमिका करण्यात. म्हणाली, "काऊन रे बाबू, हे तं तूच बनोलं होतं ना? माह्या घरी बसून?" खालच्या आवाजात बोलायची तिला सवय नाही. पुढच्या दोन रांगा वळल्या. प्रवीणने ऐकलं आणि माईक दुसऱ्या हातात घेतला.

३ नोव्हेंबर, ऊर्जानगर

आम्ही एकाच वसतिगृहातले. एकाच ताटात जेवलो, एकाच मोर्चात घसा बसवला. मी कोड दिला तो त्याच्या सर्व्हरवर चालतो का हे पाहायला. तो तेच घेऊन नागपुरात कंपनी उघडून बसला. आज फोन केला तर म्हणे, "समाजाचंच काम हाये ना भाऊ. नाव कोणाचं का असेना."

इतिहासाने आमच्या समाजाची नावं कशी पुसली, हे मी गावोगावी भाषणांत ओरडून सांगतो. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारा हाच. परक्याने पुसलं असतं तर भाषण केलं असतं. याचं काय करू?

६ नोव्हेंबर

सापडलं.

आमच्याकडे नाटक रात्री सुरू होतं, पहाटे संपतं. नाटक आवडलं की शेजारच्या गावची मंडळी तिथेच मॅनेजरला गाठतात: आजपासून आठ दिवसांनी आमच्या गावची मंडई, जत्रेला या. म्हणून ॲपमध्ये 'किती दिवसांनी' असं बटण ठेवलं. पण मध्यरात्रीनंतर 'आज' म्हणजे काय? कॅलेंडरमध्ये तारीख बदललेली असते, माणसांची बदललेली नसते. मावशीने तेव्हाच सांगितलं होतं, "उजाडल्याशिवाय आमचा दिवस संपत नाई." मग मी एक ओळ घातली: पहाटेच्या आत बुकिंग झालं तर कालपासून मोज. वर टीप लिहिली: कुंदामावशीचा नियम, काढू नये.

आज फोनचं घड्याळ रात्री एकवर नेलं आणि 'आठ दिवसांनी' दाबलं. एक दिवस पुढची तारीख आली.

प्रवीणने पुण्याच्या पोरांकडून सगळं नव्याने लिहून घेतलं आहे. ती ओळ त्यांना चूक वाटली असणार. प्रवीणला कोड वाचता येत नाही, पोरांना झाडीपट्टी.

८ नोव्हेंबर

सांगितलं नाही. सांगणार नाही.

नोकरीत ठेकेदाराचं हजेरीचं सॉफ्टवेअर लिहितो. त्यात कुठलीही ओळ उडवा, मला काही वाटत नाही. हौसेने लिहिलेल्यात तसं नसतं. प्रत्येक विचित्र ओळीमागे कोणीतरी माणूस असतो. दुसऱ्याच्या कोडात न कळणारी ओळ दिसली की आधी लिहिणाऱ्याला विचारायचं. त्यासाठी लिहिणाऱ्याचं नाव ठेवावं लागतं. नाव पुसलं? आता विचारा कोणाला विचारायचं ते.

मी काही बिघडवलं नाही. हात बांधून बसलो आहे. इतकं गोड काही बऱ्याच दिवसांत चाखलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

मूल गावात भाषण. विषय: अन्याय पाहून गप्प बसणारे. टाळ्या खूप. मध्येच दोनदा पाणी मागितलं.

१९ नोव्हेंबर, वडसा

झालं. एका गावात मांडव पडला, पाव्हणे आले, लोक चादरी पांघरून बसले. बोलावलेली नाटक कंपनीच आली नाही. ती दुसऱ्या दिवशी पोचली, ॲपप्रमाणे अगदी वेळेवर. लोकांनी गाडीची काच फोडली. पेटीवाल्याच्या कपाळाला टाके.

मावशीकडूनच कळलं. मी खूश होईन असं तिला वाटलं नसावं. मी खूश झालो. मग तिला सगळं सांगितलं.

तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही. "तुले मालूम होतं?"

होतं.

"भांडण तुमचं अन् गोटे आमच्या गाडीले. नाव पाहिजे तं घे बाबू. आमच्या टाळक्यावरून नको घेऊ."

मी म्हणालो, निदान तू तरी तुझ्या तारखा तपासून घे. कुठलं बुकिंग मध्यरात्रीनंतरचं, ते फक्त प्रवीणच्या सर्व्हरवर दिसतं. तरी तुझ्या मॅनेजरला विचार. ती म्हणाली, "अन् बाकीचे?" चहा न विचारता आत गेली.

२१ नोव्हेंबर

प्रवीणचा फोन. मॅनेजर लोक त्याच्या अंगावर धावून जात आहेत. पुण्याची पोरं म्हणतात, आमच्याकडे दिवसभर बरोबर चालतं.

"काय टाकून ठेवलं बे तू तुह्या कोडात?"

तुह्या कोडात. पहिल्यांदा म्हणाला.

मी म्हटलं, हेच वाक्य वडशाच्या स्टेजवर बोल, ॲपमध्ये लिही, मग काय बिघडलं ते सांगतो. टाकलं काहीच नाही, तुम्ही काढलंय.

"आधी सांग."

"आधी नाव."

त्याने शिवी घातली आणि फोन ठेवला. दिवसभर छाती भरून चाललो. संध्याकाळी मात्र जेवण गेलं नाही.

२२ नोव्हेंबर

मावशीचं आज कोरचीकडे नाटक. बुकिंग कधी झालं विचारलं. म्हणे, मागच्या नाटकात, तिसरा अंक चालू असताना. म्हणजे उजाडायला आलं होतं. म्हणजे त्या गावाने काल वाट पाहिली.

जाऊ नको म्हटलं. "तारीख घेतली तं जावंच लागते." मॅनेजर ऐकत नाही, ॲपमध्ये आजचीच आहे म्हणतो. त्या गावात फोन लागत नाही.

आता गाडीतून तिचा फोन येऊन गेला. "बोलला का त्याले?"

बोलतोच, म्हणालो.

ॲप उघडून पाहिलं. खाली अजून त्याचंच नाव. एकट्याचं.

फोन वाजतोय. प्रवीण. गाडी अजून कोरचीच्या बरीच अलीकडे असेल, प्रवीणने मॅनेजरला सांगितलं तर वळवता येईल. उचलतो. आधी नाव म्हणायचं, की आधी—