हेतलच्या छाशीचं पातेलं

मंगळवार, संध्याकाळ

सकाळपासून जुलाब, मळमळ, वर हुडहुडी. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लंत? सून हेतल शेजारीच होती. बाहेरच्या खाण्यावरून जन्मभर सगळ्यांना बोलणारी मी, काल मांजलपूरच्या नाक्यावर पाणीपुरी खाल्ली हे कसं सांगू? म्हटलं, "नाही हो. फक्त हिने केलेली छाश प्याले."

घरी येऊन हेतलने ते उरलेलं ताक ओतून दिलं, पातेलं दोनदा घासलं. का बोलले मी तसं?

मघाशी ती साखर-मिठाचं पाणी घेऊन आली, तेव्हा सांगून टाकलं. ती चमचा धरूनच म्हणाली, "माहीत आहे, आई. काल पदरावर हिरवे डाग होते. डॉक्टरांना फोन करून सांगितलंय."

मग पातेलं का घासलंस, हे विचारायचा धीर झाला नाही.