अहो म्हणायचं कुणाला

अहो,

तुम्ही गेल्यापासून हा शब्द मी कुणासाठीच उच्चारला नाही. एसटीतल्या कंडक्टरलासुद्धा ‘भाऊ’ म्हणते. आज लिहायला बसले ती या शब्दासाठीच. उद्या तुमचे दोस्त साहेबराव भावजी उत्तर न्यायला येणार आहेत, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय मी साधं लुगडंसुद्धा कधी घेतलं नव्हतं.

ते कव्हर फाटलेलं पुस्तक आठवतं? नव्या जालन्यातल्या रद्दीतून आणलेलं? वाणसामानाच्या पुड्यांचे कागद वाचत शिकलेली मी, आणि माझ्यासाठी केवढं जाड पुस्तक आणलंत! त्या रोगानं गाव बंद होतं. मी वाचायची, तुम्ही ऐकायचात. त्यात जग बुडालेलं, थोडीच माणसं उरलेली. एक बाई आणि एक माणूस राखेतून चालत समोरासमोर येतात. दोघांना एकमेकांचं नाव माहीत नाही.

“मंग ती हाक कशी मारनार त्याला?” तुम्ही मला मधेच थांबवलंत.

“मारील काहीतरी.”

“काहीतरी काय? अहो म्हननार! जग बुडालं तरी बाईचं अहो काई बुडत न्हाई.”

हसता हसता तुम्हाला खोकला आला. त्या खोकल्यालाही मी हसले होते.

किती घाई हो तुमची! त्या दोघांचं पुढं काय झालं, एवढं तरी ऐकून जायचं होतं.

शेजारी दार उघडेनात, तेव्हा साहेबराव भावजींनीच तुम्हाला आपल्या जीपमध्ये घालून जालन्याला दवाखान्यात नेलं. त्याच उन्हाळ्यात त्यांची बायको मंदाही गेली. तुमच्या दहाव्याला कावळ्याशिवाय कुणी आलं नाही. घरात उरलो आत्याबाई आणि मी. त्या लेकासाठी रडायच्या, मी तुमच्यासाठी. एकीला रडू फुटलं की दुसरीनं चूल पेटवायची, हे न बोलता ठरून गेलं.

भावजी बाजाराच्या दिवशी जीप दारापुढं थांबवायचे, काय आणायचं ते विचारायचे. एकदा आत्याबाईंनी त्यांच्या डब्यात डोकावून पाहिलं.

“आरं, भाकरी खातो का कोळसा खाऊन राह्यला? बस हितं!”

भावजी जेवले, आणि आपलं ताट स्वतः घासून पालथं घातलं. मी बघतच राहिले. तुम्ही घासलं होतंत का हो कधी?

यंदा कापूस वेचून झाल्यावर ते पुस्तक मी पुन्हा उघडलं, आत्याबाईंना वाचून दाखवायला. ती दोघं पानंच्या पानं नुसती एकमेकांभोवती घुटमळतात. आत्याबाई वैतागल्या.

“हिला सासू न्हाई का कुनी?”

“सगळे मेले ना, आत्याबाई.”

“म्हनूनच! सासू असती तं कवाच पाट लावून दिला असता.”

मी पुस्तक मिटलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

“मी गेलेल्याची माय हाये. पन तुही माय बी हायेच ना? साहेबरावला इचारलं मी. त्यो तयार हाये.”

“तुम्हाला सोडून जाऊ?”

“सोडून कामून? मी बी येनार. मला काय हितं भुतासंगं ठिवतीस?”

माझ्या मनात आहे का? आहे. तुमच्यापासून काय लपवू? रस्त्यानं कितीही जीपा जाऊ देत, एका हॉर्नला हातातलं काम थांबतं. पण त्यांना हाक काय मारू? भावजी म्हणता येत नाही आता. अहो म्हणावं तर ओठावर येताच तुम्ही दिसता.

शेवटी काल त्यांनाच विचारलं.

“मंदा अहोच म्हनायची,” ते म्हणाले. “ते तिचं ऱ्हाऊ द्या. तुमी नाव घ्या.”

“नवऱ्याचं? आयुष्य कमी होतं म्हणतात.”

ते जीपची काच पुसत राहिले. “मंदानं जल्मात घेतलं न्हाई. कमी झालं ते तिचंच.”

मीही तुमचं कधी घेतलं नव्हतं. तरी तुम्ही कुठं वाचलात?

मग फडकं खांद्यावर टाकून ते म्हणाले, “वहिनी बी म्हनता येत न्हाई आता.” आणि हळूच, “सुमन.” कान लाल झाले होते त्यांचे. माझं नाव मलाच नवं वाटलं. तुमच्या तोंडी मी कायम ‘अगं’च होते ना!

तुमचं ऐकायचं राहिलेलं सांगते. शेवटी ती दोघं भोपळ्याचं बी लावतात. नावं मात्र शेवटपर्यंत विचारत नाहीत. वेडी कुठली!

उद्या मी त्यांना साहेबराव म्हणून हाक मारीन. आत्याबाई माझ्यासोबत येतील. जीपमध्ये पुढची जागा आपली, असं त्यांनी आत्ताच बजावलंय. आणि ‘अहो’ तुमचं. तो शब्द मी जिवंत असेपर्यंत दुसऱ्या कुणाला देणार नाही, हे माझं वचन.

तुमचीच,
अगं